साडेचार मीटर

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही.
मी पट्ट्या धुते.
मुठीला गुंडाळायच्या, साडेचार मीटर लांब,
आठवड्याला साठ-सत्तर.
इकीकेच्या बंदरामागे, जिथं पूर्वी मासळीची खोकी रचून ठेवत,
त्या गोदामात माझा भाऊ एलेओदोरो पोरांना शिकवतो,
आणि मी वरच्या गच्चीवर
त्यांची आठवडाभराची दुखणी पिळून वाळत घालते.

दुखणी म्हणजे काही मोठं नव्हे.
घाम. नाकाचं रक्त. ते थंड पाण्यानंच निघतं,
गरम पाणी घातलं की डाग कायमचा बसतो.
हे भावाला एकदा सांगितलं
तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला,
आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांवर ओरडायचा थांबला.
निदान कमी झाला.

एका पट्टीवर बॉलपेननं गणिताचं सूत्र होतं. परीक्षा असावी.
एकीवर नेलपॉलिश, जांभळं. ती यारित्साची.
व्हेनेझुएलाहून आली, वाळवंटातून चालत, असं म्हणतात.
ती स्वतः म्हणत नाही.
बॅगवर ठोसे मारताना ती मोठ्यानं मोजते,
आणि तीनशेच्या पुढे गेली की
रात्री झोप लागते म्हणाली.
एवढंच म्हणाली.

विल्मर चोकेची पट्टी वेगळी.
तिच्यावर चुना यायचा.
मी विचारलं, आपल्या गोदामाला कुठं आहे चुना?
भाऊ म्हणाला, घरी भिंतीला मारतो.
सोललेली बोटं दिसू नयेत म्हणून
पट्टी बांधूनच दारात येतो.

शनिवारी मी टोपली खाली आणते.
पोरं बाकांवर बसून पट्ट्या गुंडाळतात,
मांडीवर, घट्ट, काठावर काठ.
हात गुंतलेले, नजर खाली,
आणि मग कुणाच्या तरी तोंडून निसटतं,
बाबा परत प्यायला लागलाय.
किंवा, वर्गात माझ्याशेजारी कुणी बसत नाही.
किंवा नुसतंच, काल मी जेवलो नाही.
कुणी वर बघत नाही. बिचारा म्हणत नाही.
शेजारचा आपली पट्टी बाजूला ठेवतो
आणि त्याच्या पट्टीचं दुसरं टोक धरतो, ओढून,
कारण ताण असल्याशिवाय गुंडाळी नीट बसत नाही.

विल्मर पाच शनिवार काही बोलला नाही.
सहाव्याला आलाच नाही. सातव्यालाही.
त्याची पट्टी त्याच्या खिळ्यावर होती,
समुद्राच्या धुक्यानं दमट व्हायची,
मी काढून पुन्हा धुवायची.
न वापरलेली पट्टी कशाला धुतेस, भाऊ म्हणाला.
मी म्हटलं, तू रोज त्याच्या गल्लीतून कशाला जातोस?
बाजार तर उलट्या बाजूला आहे.

पुढे काय झालं मला नीट माहीत नाही.
एका मंगळवारी तो दारात उभा होता,
बुटांत वाळू, ड्रॅगन टेकडीवरची,
म्हणजे रात्रभर तिथंच कुठंतरी भटकला असणार.
भाऊ त्याला म्हणाला, खिळा तोच आहे.
यारित्सा एकशे बारावर होती.
तिनं मोजणं थांबवलं, बॅगेची एक बाजू सोडली,
आणि पुन्हा सुरुवात केली.
एक, ती म्हणाली.
त्यानं मारलं.
दोन.

परवा नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन आला.
पदकं किती, त्यानं विचारलं. भाऊ म्हणाला, दोन,
त्यातलं एक गंजलंय.
माणसानं दोनच लिहिलं.
कागदावर दुसरा रकाना नव्हता.
वर गच्चीवर पट्ट्या फडफडत होत्या,
त्यानं मान वर केली नाही, मीही सांगितलं नाही.

मी सामने बघायला जात नाही.
पोरांना मारलेलं मला अजून बघवत नाही.
आज विल्मरची पट्टी बादलीत टाकली,
पाणी थंडच घेतलं, सवयीनं,
आणि ढवळून बघितलं.
चुना होता.
मागच्या वेळेपेक्षा कमी.