विषम

लिएपायातल्या तीन दुकानांत जाऊन आले,
एका माणसाचे आभार कुठे मिळतात ते बघायला.

पहिलं, अंबराचं. बाई म्हणाली, पाहुण्यांना फार आवडतं.
ते पाहुणे नव्हेत. सत्तर वर्षं इथल्याच वाऱ्यात
हातानं टोपी दाबून चालताहेत.
दुसरं, दारूचं. घेतात का, ठाऊक नाही.
कष्टानं सोडली असेल
तर बाटली म्हणजे खपलीला नख.
तिसऱ्यात चामडी डायऱ्या, पेनं, पेनांच्या डब्या.
"साहेबांसाठी?" पोरानं विचारलं.
साहेब नव्हेत. नात्यातले नव्हेत.
मित्र म्हणावं तर त्यांच्या बायकोचं नाव मला माहीत नाही,
बायको आहे की नाही, हेसुद्धा.
अशा ओळखीसाठी दुकानात फळी नसते.

विसवाल्डिस क्रास्तिन्श,
बंदर कार्यालय, दुसरा मजला. गेल्या महिन्यात निवृत्त.
त्यांनी केलं एवढंच, की एक पत्र लिहिलं:
बोयांचे दिवे दुरुस्त करणाऱ्या या बाईकडे पदविका नाही,
पण बारा हिवाळे हिच्या बोटांची कातडी
त्या लोखंडाला चिकटून निघाली आहे,
ते धरा हिशेबात.
मंडळानं धरलं.

पत्राची प्रत माझ्या खणात आहे.
कार्यालयाच्या जुन्या प्रिंटरला आमच्या दीर्घ स्वरांचं वावडं,
माझ्या आडनावातला ई त्यानं ऱ्हस्व करून टाकलेला.
ग्रीवा. आमच्याकडे याचा अर्थ,
नदी समुद्राला मिळते ती जागा.
ऱ्हस्व केली की नदी अलीकडेच थांबते.
विसवाल्डिसनी त्या ई वर
निळ्या शाईनं आडवी रेघ ओढली होती,
पट्टी न लावता, सरळ.
नाव जिथं जिथं आलं, तिथं. पाच वेळा.

नोकरीची परतफेड होईलही कशीबशी.
त्या रेघांची कशी करायची?

शेवटी फुलंच.
मंडईतल्या मिल्डाबाईनं ट्यूलिप मोजून दिले, मोठ्यानं,
सात.
जित्या माणसाला विषम, सम फक्त थडग्यावर,
हे इथं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.
मग ट्रामनं वळण घेतलं,
कुणा पोराची हॉकीची काठी आडवी आली
आणि एक देठ कट्‌ करून मोडला.

सहा.
सहा फुलं घेऊन मी एका जित्या माणसाकडे चालले होते.
पोराचे कान लाल झाले.
मी एक धड फूल काढून त्याच्या हातात दिलं,
घरी ने म्हटलं.
तो पुढच्याच थांब्यावर उतरला, पळाला.
मोडकं मी कोटाच्या खिशात खोचलं.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात घरचा स्वेटर होता,
कोपराला वेगळ्या रंगाची लोकर.
कार्यालयातला माणूस घरी एवढा बुटका असेल
असं वाटलं नव्हतं.
पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातून अर्धंच निघालं.
"काकडीची बरणी रिकामी आहे," ते म्हणाले,
पाच फुलं घेतली, पाणी घातलं,
मग माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.
"ते कुणाचं?"
"मोडलंय."
"बघू."

त्यांनी चाकूनं देठ तिरका छाटला,
औषधाच्या इवल्या पेल्यात ते उभं केलं
आणि बरणीपासून लांब, दुसऱ्या खिडकीत ठेवलं.
"हे एकटं राहू दे. एकसुद्धा विषमच."

चहा झाला. बायकोबद्दल मी विचारलं नाही.
भिंतीवर एक फोटो होता, त्याच्याकडेही फार पाहिलं नाही.
टोपी हातात घेऊन ते जिन्यापर्यंत आले
आणि इतका वेळ तेच विचारायचं राहून गेल्यासारखे म्हणाले,
"नऊ नंबरचा बोया काय म्हणतो?"
"अजून पाचवी लुकलुक गाळतोय."
"गाळणारच. वायर नका बदलू, आधी झाकणाचं रबर बघा."

खाली वारा होता.
मी रबर, रबर असं पुटपुटत थांब्यापर्यंत गेले.
धन्यवाद म्हणायचं राहिलंच होतं.