जुळे सोलापूर

"जुळे सोलापुरात राहता म्हणून जुळ्या झाल्या काय गं?"
गुलबर्ग्याच्या चिगव्वांनी हा विनोद
जिना चढता चढताच सुरू केला,
गुडघे धरत तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरवला,
आणि आम्ही दारात उभं राहून
सलग तिसऱ्या वर्षी हसलो.

भोगीच्या आदल्या रात्रीपासून माणसं येतायत.
इंडीहून पाच, अक्कलकोटहून दोन,
हैदराबादचे वीरय्यामामा स्वतःच्या कुकरसकट,
त्यांना दुसऱ्या कुकरचा भात बाधतो.
दोन खोल्या, चौदा माणसं, अकरा चादरी.
सोलापुरात चादरी कमी पडल्या
हे बाहेर कुठं बोलू नका, सासूबाई म्हणाल्या.

आणि सगळ्यांच्या पायात पायात या दोघी.
गिरिजा, शैलजा. अडीच वर्षांच्या.
आज्जांनी हौसेनं नावं ठेवली,
अर्थ बघितला तर तोही एकच: डोंगराची मुलगी.
(माझं माहेर बार्शी. सासर सोलापूर.
डोंगर आम्ही कॅलेंडरवर बघतो.)
ओळखायची खूण मीच केलेली,
शैलूच्या डाव्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश.
गिरूला नाही.

दुपारी अक्षतांना गेलो.
सम्मती कट्ट्याजवळ पांढऱ्या बाराबंद्यांचा पूर,
त्यातून नंदीध्वज डुलत डुलत आले,
ह्यांच्या एका खांद्यावर एक, दुसऱ्यावर दुसरी.
गर्दी "हर्र" म्हणाली की दोघी "हल्ल" म्हणायच्या
आणि मुठीतल्या अक्षता
ह्यांच्याच डोक्यावर टाकायच्या.
माझ्या नवऱ्याचं असं पुन्हा एकदा लग्न लागलं.

संध्याकाळी बोरन्हाण.
दोन काळे फ्रॉक, हलव्याचे दागिने मात्र एकच जोड,
नणंदेचा साखरेचा पाक दुसऱ्यांदा बिघडला होता.
आधी गिरू पाटावर बसली.
बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे,
चुरमुरे, गोळ्या, वर रेवड्या.
मजल्यावरची सगळी पोरं तुटून पडली,
कुणाची कोपरं, कुणाच्या वेण्या,
ढिगाखालून कुणीतरी एक पोर उपसली,
दागिने काढले, नाक पुसलं,
"हं, आता दुसरी," म्हणून
तेच दागिने घालून पुन्हा पाटावर बसवली.

मी आरतीचं ताट घेऊन वाकले.
अंगठा कोरा.

चिगव्वांनी मापटं उचललं होतं.
हात थरथरत होता, तोंडानं कानडीत काहीतरी
गाण्याच्या अलीकडचं चाललं होतं,
इंडीचे पाचही जण मोबाईल धरून उभे.
मी बोलले नाही.
गिरूही बोलली नाही. तिच्या दोन्ही गालांत बोरं होती.

शैलू आतल्या खोलीत सापडली,
वीरय्यामामांच्या पोटावर पालथी,
दोघंही घोरत,
तिच्या मुठीत कडक भाकरीचा तुकडा.

रात्री एकनंतर उठले.
अंधारात माणसं ओलांडत डब्यापर्यंत गेले,
चुरमुरे फार वाजतात हे तेव्हा कळलं.
मोबाईलच्या उजेडात अंगठा बघितला,
नेलपॉलिश तिळाएवढं उरलेलं.
मग ओंजळ तिच्या केसांवर हळूच सोडली.
तीन बोरं, थोडा हलवा.
तुझं राहिलं होतं गं.
एक बोर घरंगळत मामांच्या कुशीत गेलं.

"यारु?" मामा डोळे न उघडता.
"कोणी नाही मामा. बोरन्हाण."
"हूं," म्हणाले, आणि कूस बदलली.

सकाळी मुंग्यांची रांग उशीपर्यंत पोचली होती,
आणि गिरू बहिणीच्या केसांतून
एकेक चुरमुरा वेचून
मन लावून खात होती.
तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात.
हिचं हे तिसरं बोरन्हाण.

शैलू डोकं पुढं करून बसलेली,
मध्येच हात मागं नेऊन विचारत होती,
संपले?