नऊ सेंटिमीटर

एकतीस वर्षं ट्राम चालवली, बसून.
आता रोज साडेचारला
हार्टमुट उंच टाचांचे काळे बूट चढवतो
आणि पाव आणायला निघतो.

आधी नुसता घरातल्या पॅसेजमध्ये,
भिंत धरून, उभं राहू बघणाऱ्या पोरासारखा.
खालच्या फ्राऊ लिंडेमाननी
छताला झाडू ठोकला दोन दिवस,
तिसऱ्या दिवशी वर आल्या. पाहिलं. म्हणाल्या,
"गुडघा सैल सोडा. खाली कशाला बघताय?
रस्ता काही पळून जात नाही."

पळत नाही, खरंय.
पण हाल्लेच्या फरसबंदीतला कुठला दगड डुगडुगतो,
कुठला ऐनवेळी दगा देतो,
हे ट्रामच्या खुर्चीवरून दिसलंच नव्हतं कधी.
नऊ सेंटिमीटरवरून दिसतं.

बेकरीतली मुलगी आता पायांकडे बघत नाही.
"नेहमीचा?"
"नेहमीचा."

पोटऱ्या ठणकतात.
परतताना रुळांपाशी तो थांबतो,
टाच खाचेत जाऊ नये म्हणून
पाऊल आडवं टाकतो, सावकाश.
समोरची ट्रामही थांबते.
आतला नवा पोरगा घंटा देतो, दोनदा, हलकेच.

दोनदा म्हणजे काय
हे हार्टमुटनेच शिकवलं होतं त्याला.