निव्वळ वजन

सावद्याला, फैजपूर रोडवर, आमचा काटा साठ टनी.
आधी रिकामी गाडी, मग केळी भरून,
मोठ्यातून लहान वजा, उरतो तो माल.
एकोणीस वर्षं मी एवढंच करतो
आणि पावतीवर सही.

भाच्यानं त्याचा आयफोन दिला.
"मामा, तुमचा तो अँड्रॉइड आता भंगारवाल्याला दाखवा."
दोन्ही फोन पावतीबुकावर शेजारी ठेवले
आणि एकातलं दुसऱ्यात जायला लागलं:
एक तास बारा मिनिटं बाकी,
मग चाळीस मिनिटं,
मग पुन्हा एक तास.
तेवढ्यात सात गाड्या तोलल्या.

गेलं तसं बरंच.
वारलेल्या दलालाचाही नंबर गेला.
भाव पडला त्या दिवसाचे मेसेजसुद्धा गेले,
ते राहिले असते तरी चाललं असतं.

मागे जायचं बटण मात्र नाही.
काठावरून बोट ओढायचं म्हणे,
ताटाच्या कडेचं वरण पुसावं तसं.
अंगठा तरी खालच्या कोपऱ्यातच जातो,
काचेवर टकटक करतो,
बिऱ्हाड हललेल्या दारावर
पोस्टमन करत राहतो तशी.

काट्यावर वायर एकच, खिडकीतून बाहेर सोडलेली,
माझा, हमालांचा, ड्रायव्हरांचा, ज्याचा त्याचा फोन तिला लागायचा.
इसाक तडवीनं ती माझ्याकडे केली, मग थांबला,
"तुमची पिन निराळी, भाऊ."
त्यात वाईट काही नव्हतं.
फक्त परवापर्यंत तो मला लीलाधर म्हणायचा.

खरी गंमत कीबोर्डची.
जुन्याला मी सहा वर्षं शिकवलं होतं,
क लिहिला की काबरं, अ लिहिला की अथी.
नवा निघाला शाळामास्तर.
बहिणीला लिहिलं, काबरं नाही आली?
गेलं: कबर नाही आली?
ती धावत फोनवर, "कोण गेलं रे?"
अथी ये लिहिलं, अति ये झालं.
तुले फणी पाठवतो लिहिलं, त्यानं केलं तुला.
आता यावर मी काट्यावरच्या माणसानं काय बोलावं,
तुला म्हणजे तराजू.
शुद्ध करून करून
त्यानं मला माझ्याच धंद्यात आणून ठेवलं.

जरनैलसिंग दिल्लीची गाडी लावून चहा पीत होता.
त्याला सांगितलं.
म्हणाला, नवी गाडी घेतली तेव्हा पंधरा दिवस
हात जुन्या गिअरच्या जागी जायचा,
हवेतच तिसरा टाकायचो.
मग?
मग एकदा कुणाची तरी जुनी गाडी चालवायला घेतली,
तर तिथेही हात चुकला.
आणि ग्लास खाली ठेवून मोठ्यानं हसला.
मला हसू आलं नाही. नंतर आलं, घरी जाताना.

एका दुपारी गाडी नव्हती.
दोन्ही फोन काट्याच्या पत्र्यावर ठेवले,
आत येऊन आकडा पाहिला.
शून्य.
दहा किलोच्या खालचं आमचा काटा मोजत नाही,
हे मला नाही तर कुणाला माहीत असणार,
तरी बाहेर जाऊन जुना उचलला, परत आत येऊन पाहिलं.
शून्य.
पत्रा तापला होता, नवाही पळत जाऊन उचलला.

जुन्यातलं सिम काढलंय, तो कपाटात असतो.
पहिल्या गाडीचा साडेचारचा गजर त्यात तसाच राहिलाय.
आधी तो वाजतो, कपड्यांखालून, दबका.
मिनिटभरानं उशाशी हा.
मधलं मिनिट मी नुसता पडून असतो,
कुठलाच बंद न करता.

काल बहिणीला लिहायला घेतलं, क टाकला,
आणि नव्यानं आपणहून काबरं पुढे केलं.
मला खरं तर केळी लिहायचं होतं.
तरी तेच दाबलं,
तेवढंच पाठवलं.

तिचं आलं:
काबरं काय?