दहा घे, तीन दे

म्हापशाच्या शुक्रवारी आई मयड्याची केळी विकायची
आणि मी टोपल्यांमागे, पोत्यावर, पाटी घेऊन.
अडतीस अधिक सत्तेचाळीस.
आठ नि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक,
तो एक सांडू नये म्हणून वर बारीक कोरून ठेवायचो.
तोवर गिऱ्हाईक
मारुतीच्या देवळापर्यंत पोचलेलं असायचं.

आई म्हणे, अडतीसला दोन कमी पडतात ना,
मग शेजारणीकडे माग.
सत्तेचाळीस देईल, तिच्याकडे आहेत.
हे झाले चाळीस. तिचे राहिले पंचेचाळीस.
आता तुझा तूच बघ.

शेजारीण म्हणजे ओर्तेन्सिया,
व्हिनेगरच्या बाटल्या आणि चोरिसांच्या माळा.
सुट्टे दोन रुपये ती खरोखरच द्यायची
आणि दिवेलागणीला खरोखरच परत घ्यायची.
बरीच वर्षं मला वाटे,
बेरीज या दोघींनीच शोधून काढली.

वजाबाकी आई करायचीच नाही.
शंभराची नोट, अठ्ठावन्नची केळी:
ती अठ्ठावन्नावरून चालायला लागे,
दोनाचं नाणं, साठ,
मग दहा-दहाच्या मळक्या नोटा
सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर,
समोरच्या तळहातावर.
बेचाळीस हा आकडा तिने उच्चारला नाही कधी.
किती उरले ते ज्याचं त्याने मोजावं,
आपण फक्त शंभरापर्यंत सोबत करायची.

शाळेत सुखठणकर बाईंनी विचारलं,
त्रेसष्टातून एकोणतीस?
चौतीस, बाई.
उसना कुठे घेतलास, दाखव.
म्हटलं, एकोणतीस म्हणजे एक उणे तीस,
नावातच सांगून ठेवलंय.
तीस काढले, तेहेतीस.
एक जास्त काढला होता, तो परत केला.
बाई बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या,
मग रीत नाही म्हणून शून्य.
आईने शेवटचा फणा वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता विचारलं,
परत केलास ना?
मग झालं.

काल बांबोळीला, इस्पितळात,
तरुण डॉक्टर म्हणाला, आजी, शंभरातून सात काढा,
मग आणखी सात, मग आणखी, थांबू नका.
सकाळी तिने मला मामाच्या नावाने हाक मारली होती.
मी खुर्चीची कड धरली.
मांडीवर तिची बोटं हलली.
दहा घे, तीन दे:
त्र्याण्णव.
दहा घे, तीन दे:
शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर.
डॉक्टर मोबाइलवर पडताळत होता, मागे पडत होता.
पासष्टला ती थांबली.
थांबली ती थांबलीच.
त्याने पेनचं टोपण काढलं.

तशी ती माझ्याकडे वळली, बाजारातल्या आवाजात:
"हे सात-सात करून कोण व्हरता रे?
पयशे कोण दितलो?"

त्याने कागदावर काहीतरी खूण केली.
माझ्या बाजूने ती उलटी दिसत होती.

परतीच्या बसमध्ये दोन तिकिटांचे अडतीस.
पन्नासची नोट घेऊन कंडक्टरने
आईच्या हातावर दहा ठेवले नि पुढे सरकला.
तिने मूठ मिटली नाही.
पर्वरी गेली, गिरी गेली,
हात तसाच, उघडा.
"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.
"अजून दोन."