दुसऱ्या गेरात

घटांगचा चहा संपवून निघालो तेव्हा साडेचार.
फिरता दवाखाना, मागे हुकाला जनरेटर,
आत लसींची पेटी, वजनकाटा, दोन खाटा
आणि एक स्टूल, जे दर वळणावर जागा बदलतं.
ड्रायव्हरची जागा दोन वर्षं रिकामी;
शेवटी मीच काढलं जड वाहनाचं लायसन,
नर्सच्याच पगारात.

डावीकडे भिकलाल बेठेकर.
तीस वर्षं सागाचे ट्रक उतरवले यांनी या घाटातून.
आता मांडीवर पिशवी, पिशवीत गोळ्या,
पायांत मऊ बूट, मीच आणून दिलेले.

तीव्र उताराची पाटी यायच्या आधीच म्हणतात,
"आत्ताच टाक दुसरा. उतार लागल्यावर गेर शोधशीन
तं गेर नाही सापडत, दरी सापडते."

क्लच. थोडा रेस. दांडा ओढते.
इंजिन ओरडतं, वेसण खेचलेल्या गोऱ्ह्यासारखं.
काटा वर जातो, गाडी मात्र बसते;
माझे खांदे पुढे जाऊन परत येतात.
"ओरडू दे. ओरडते तवरिक धरून हाये."

मागचा जनरेटर ढकलतो.
सहाशे किलो, स्वतःचं इंजिन बंद,
आमच्या पाठीला कपाळ लावून येतो.
माझा उजवा पाय ब्रेकवर जातो. जातोच.
"पाय काढ व."
काढते.
"पुन्हा गेला."
काढते.
"दाबायचा तं दाब, अन् सोड.
चुलीवर तवा इसरल्यावानी टेकवून नको ठेवू."

सागाची पानं, परातीएवढी, रस्ताभर.
चाकाखाली पापड मोडतात.
एक पिकअप ओलांडून गेला आम्हाला, न्यूट्रलमध्ये,
डिझेल वाचवत. नुसतं वारं गेल्यासारखं.
"आयकू आलं काही?"
"नाही."
"थेच तं."

हरिसालच्या शिबिरात मी तपासले होते यांचे तळपाय.
नायलॉनचा बारीक दोरा असतो एक,
टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा.
डोळे मिटा, म्हटलं, लागलं की सांगा.
अंगठा, चवडा, टाच. डावा. उजवा.
डोळे मिटून बसले होते शहाण्या पोरासारखे.
शेवटी म्हणाले, "चालू कर ना बाई."
माझं संपलं होतं.

कधीपासून, विचारलं.
"चार साल झाले असतीन. पेडल लागतच नव्हतं पायाले.
कानानं उतरवत होतो."
दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन
किल्ली टेबलावर ठेवून आले. कुणी मागितली नव्हती.
मी त्या रात्री हिशेब करत बसले,
चार वर्षं, आठवड्याच्या तीन खेपा,
आणि समोरून येणाऱ्या एसट्या.

बिहालीपाशी उतार ढिला पडतो.
"घे बाजूले."
ते खाली उतरतात, गोटा शोधतात,
मागच्या चाकाला लावतात,
मग चाकाकडे बोट करतात. "हात लावून पाय.
बोटं उलटी धरजो, जवळ नेजो हळूहळू.
मी लावला असता,
पन माया हाताचा बी आता भरोसा नाही."

मी वाकते.
खालच्या मळ्यांतून संत्र्याच्या बहाराचा वास येतोय,
त्यात जळकं काही आहे का, तेही हुंगते.
ते उभे आहेत, डोळे मिटून,
त्या दिवशीसारखे.
"लावला," मी सांगते.
"मंग?"
"कोमट. सकाळच्या भाकरीइतकं."

काही बोलत नाहीत.
चाकाखालचा गोटा उचलून
रस्त्याच्या पार कडेला नेऊन ठेवतात,
रात्री कोणाच्या मोटारसायकलीखाली नको.
पिशवीतून गोळी काढतात, घड्याळ बघतात,
परत ठेवतात.
"चाल. तिसरा टाक."