अकरावा

रात्रीचे अडीच. गेंटहून ब्रसेल्सकडे जाणारा रस्ता,
एक मार्गिका बंद.
हेरलिंडे क्रेनच्या पाळण्यात उभी राहून
खांबावरचा जुना दिवा उतरवते,
तान्ह्याची मान धरावी तसा.
भुरभुर आहे. काच फुटली
तर आतला सोडियम पाण्याशी भांडेल.

खालून वाउट विचारतो, एकोणीस वर्षांचा, नवाच लागलाय:
हे सगळे पिवळेच का जळायचे?

ती हातमोजा दातांनी ओढते. बोलत नाही.
शाळेतली खडूची वर्तुळं:
पहिल्या पंगतीत दोन पाट, दुसरीत आठ,
भरली की भरली, कुणी सरकून घेत नाही,
आणि अकरावा दाराशी, एकटा.
बाई म्हणाल्या होत्या, याचेच सगळे उद्योग.

पुढच्या वर्षी त्याच बाईंनी वर्तुळं पुसली.
फिरत वगैरे नसतो तो, म्हणाल्या.
कुठे आहे विचारू नका,
कुठे असू शकेल तेवढं विचारा.
फळ्यावर डस्टरचा पांढुरका फराटा उरला होता,
मध्ये दाट, कडेला विरत गेलेला.
बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं: हा बघा.

ते हेरलिंडेला लगेच पटलं.
तिच्या घरी ओडिल होता, टँकर चालवणारा.
बाबा कुठेत, विचारलं की आई
घड्याळाकडे बघून सांगायची:
लिएजच्या अलीकडे असतील. नाहीतर ऑस्टेंडला.
त्याची खुर्ची, कान तुटलेला कप, जिन्याचा कठडा,
सगळीकडे तो थोडाथोडा असायचा.
दार वाजलं की मात्र एकाच जागी, अख्खा,
डिझेलच्या वासासकट.

एकदा त्याने तिला रात्रीच्या फेरीला नेलं.
या दिव्यांखाली तिचा नवा लाल कोट
मातीच्या रंगाचा झाला. ती रडली.
कोट तसाच आहे गं, तो म्हणाला,
उजेडाला लाल येत नाही.

"एकच पायरी येते त्याला," ती आता खाली ओरडते.
"धक्का बसला की वर. वर टिकत नाही.
पडतो, आणि पडताना घेतलेलं सगळं परत देतो.
उंची तीच, म्हणून रंग तोच."
"आणि मध्ये? चढताना कुठे असतो?"
"मध्ये नसतो."
वाउट हसतो. त्याला वाटतं, थट्टा चाललीय.

खरं तर पायऱ्या दोन आहेत,
इतक्या खेटून की डोळ्याला एकच पिवळा दिसतो.
पण हे एवढ्या उंचीवरून ओरडण्याजोगं नाही.

नवा दिवा लागतो. पांढरा, तात्काळ.
वाउटचं नाक लाल आहे, हे पहिल्यांदाच कळतं.
पुढचा जुना खांब मघाच बंद करून चालू केला,
तो अजून तांबूस आहे.
"बिघडलाय?"
"थांब. सोडियमला जाग यायला वेळ लागतो."

ते थांबतात. थर्मासमधली कॉफी कोमट.
बाईंनी शेवटी एक सांगितलं होतं, घंटा झाल्यावर,
निम्मा वर्ग दप्तरं आवरत असताना:
अणूपासून कितीही लांब जा,
ती शक्यता शून्य होत नाही.
विरळ होत जाते. बास.

ओडिलला जाऊन नऊ वर्षं झाली.
ऑस्टेंडच्या बाजूने एक टँकर येतो,
पाणी उडवत जातो.
पाळण्यातून ती मान वळवून
नंबरप्लेट वाचते.